बेसवाल्याची बदली

चरणजित सिंग यांचं नाव निघालं की पुढची गोष्ट ठरलेली असते. मुंबईच्या सिनेसंगीतातला एक वादक १९८२ साली रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं घेतो, त्यांच्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवतो, एचएमव्ही त्याची रेकॉर्ड काढते आणि ती फारशी कोणी विकत घेत नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोतली 'फ्यूचर' नावाची मंडळी त्यातल्याच एका यंत्रावर 'ॲसिड ट्रॅक्स' काढतात आणि 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार जगभर पसरतो. मग २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या डच लेबलचे एडो बाउमन ती विसरलेली मुंबईची रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणतात आणि सगळे तोंडात बोट घालतात: अरे, हे तर आधीच झालं होतं! काहींना तर हा सगळा बनावच वाटला. कोणीतरी आजच्या काळात बनवून जुनं म्हणून खपवतंय, असा संशय त्यांनी बोलून दाखवला.

गोष्ट खरी आहे, पण सांगण्याच्या पद्धतीत गडबड आहे. ती नेहमी शिकागोकडून मुंबईकडे सांगितली जाते. म्हणजे आधी ॲसिड हाउस, मग त्याचा 'चुकून' सापडलेला पूर्वज. हा 'चुकून' तेव्हा मथळ्यांतही आला. एकदा चुकून झालं म्हटलं की त्या माणसाने काय केलं, का केलं, त्याला हे कुठून सुचलं, असले प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. चरणजित सिंग सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात मुख्यतः बेस गिटार वाजवायचे. दोन दशकं त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्यांचा तळ सांभाळला. माझं म्हणणं एवढंच आहे, की 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड एका बेसवाल्याची रेकॉर्ड म्हणून ऐकली तरच नीट कळते. आणि तशी ऐकली की ती कामाबद्दल, श्रेयाबद्दल आणि माणसाच्या जागी यंत्र येण्याबद्दल बरंच काही सांगून जाते.

मी सिंगापुरात राहते आणि या गोष्टीत सिंगापूरही आहे, कारण ती यंत्रं चरणजित यांनी इथून नेली. त्याकडे येऊच. आधी मुंबई.

तळाचं काम

बेसवाला नेमकं काय करतो हे आधी बघू, कारण आपल्या संगीतशिक्षणात हा माणूस कुठे बसत नाही. आपल्याकडे गाणारा असतो, तबला असतो, पेटी असते, तानपुरा असतो. सिनेसंगीतात पाश्चात्त्य धाटणीचा वाद्यवृंद आला तेव्हा त्याच्याबरोबर कॉर्ड आल्या, आणि कॉर्ड आल्या की तळाचा स्वर कोणीतरी धरून ठेवावाच लागतो. आधी ते काम माणसाहून उंच असा डबल बेस करायचा. साठच्या दशकापासून बेस गिटार रुळली. तिला चार तारा, त्यातली सगळ्यात खालची ४१ हर्ट्झच्या आसपास वाजणारी. गायिका तीच ओळ दोनदा गाते. शब्द तेच, चाल तीच. खाली बेसने एक स्वर बदलला की दुसऱ्या वेळी तीच ओळ अचानक उदास वाटते. हे कोणी केलं ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, फक्त जाणवतं. शिवाय ठेक्याचाही अर्धा भार याच्याकडे. ड्रमच्या ठोक्याला तो स्वर देतो, आणि तो स्वर किती वेळ धरायचा नि कधी तोडायचा यावर गाणं चालणार की रांगणार हे ठरतं.

गंमत म्हणजे हे सगळं बऱ्याच घरांत पोचायचंच नाही. विविध भारती ऐकायचा छोटा ट्रान्झिस्टर आठवा. त्याचा तळहाताएवढा स्पीकर इतके खालचे स्वर वाजवूच शकत नाही. वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात आणि आपला कान त्यांच्यावरून तळाच्या स्वराचा अंदाज बांधतो. म्हणजे बेसवाल्यांचं काम देशभर ऐकलं गेलं, पण बरंचसं अंदाजानेच.

कामाची व्यवस्थाही काहीशी तशीच होती. पैसे शिफ्टवर. आज या संगीतकाराचं गाणं, उद्या त्याचं. चरणजित यांनी शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा बहुतेक मोठ्या नावांकडे वाजवलं. व्हायोलिनवाल्यांच्या पुढ्यात अरेंजरने लिहिलेलं नोटेशन असायचं. रिदमवाल्यांना बऱ्याचदा कॉर्डचे इशारे आणि वर 'बाकी तू बघ'. गाणं सुरू होताच ओळखू येतं अशा कित्येक जागा या 'तू बघ'मधून निघालेल्या असतात. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र संगीतकार, गीतकार आणि गायक. वादकाला शिफ्टचे पैसे मिळाले की त्याचा त्या गाण्याशी संबंध संपला. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या पुस्तकात हे सगळं वादकांच्याच तोंडून आलं आहे. ते वाचताना जाणवतं की या मंडळींच्या बोलण्यात रडगाणं कमी आणि कामाचा अभिमान जास्त आहे. काम भरपूर होतं, एका टेकमध्ये बिनचूक वाजवण्याची पैज होती. पण एक प्रश्न राहतोच. दुसऱ्याच्या गाण्यात इतकं काही घालणाऱ्या माणसाला स्वतःचं काही करावंसं वाटलं, तर त्याने ते कुठे करायचं?

सिंगापूरची खरेदी

त्या काळात मुंबईतल्या वादकाला नवं वाद्य हवं असेल तर ते दुकानात जाऊन आणता येत नव्हतं. आयातीला परवाना, परवान्याला खेटे, आणि वर भरमसाट जकात. मग परदेशी गेलेला कोणीतरी येताना घेऊन येणार, किंवा आपणच कधी कार्यक्रमाच्या दौऱ्यावर गेलो तर घेणार. सिंगापूर यासाठी सोयीचं. खुलं बंदर, जपानचा माल इथे लगेच उतरायचा, आणि किमतीवर कर नाही. जीएसटी इथे आला तोच मुळी १९९४ मध्ये, तेव्हा ३ टक्के. आज तो ९ टक्के आहे. ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी 'सिंगापूरहून आणलेला' टू-इन-वन होता, त्यांना हे वेगळं सांगायला नको. चरणजित यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की आपली यंत्रं त्यांनी सिंगापूरला घेतली, आणि तेव्हा ती अगदी नवीकोरी होती.

यंत्रं तीन. ज्युपिटर-८ हा कीबोर्ड, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३. यातला टीबी आपल्यासाठी महत्त्वाचा. टीबी म्हणजे 'ट्रान्झिस्टर बेस'. रोलँडने १९८१ च्या शेवटी तो आणला तो कशासाठी? एकट्या गिटारवाल्याला सराव करताना किंवा छोटा कार्यक्रम करताना सोबतीला बेस हवा. माणूस मिळत नाही किंवा परवडत नाही. तर हा डबा घ्या. बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाची जागा भरणं, हेच त्याचं काम. ते त्याला जमलं नाही. आवाज खऱ्या बेससारखा नव्हता. स्वर भरण्याची पद्धतही डोकं फिरवणारी: एका पॅटर्नमध्ये १६ घरं, आधी स्वरांची रांग भरायची, मग त्यांचा काळ वेगळा भरायचा, मग कुठे घसरायचं आणि कुठे आघात द्यायचा त्याच्या खुणा करायच्या. सुमारे १०,००० डबे बनवून १९८४ मध्ये कंपनीने तो बंद केला. शिकागोच्या पोरांच्या हाती तो लागला तो याच कारणाने: कोणाला नको होता, म्हणून सेकंडहँड बाजारात स्वस्तात पडून होता.

चरणजित यांची गोष्ट इथेच वेगळी होते. त्यांनी तो नवाच घेतला, आणि घेतला तो एका बेसवाल्याने. आपलीच गरज संपवण्यासाठी बनवलेलं यंत्र त्यांनी पदरचे पैसे मोडून विकत आणलं. मुंबईत अशा माणसासाठी एक जुना शब्द आहे: बदली. गिरणीत कायम कामगार आला नाही, की दाराशी ताटकळणाऱ्यांतून त्या दिवसापुरता घेतला जाणारा तो बदली. टीबी-३०३ हा बेसवाल्याचा बदलीच होता. चरणजित यांनी आपला बदली स्वतः घरी आणला आणि त्याला राग शिकवले.

दहा राग, एक ठेका

मुंबईत तेव्हा डिस्कोचा जोर होता. 'कुर्बानी' १९८० चा, नाझिया हसनची 'डिस्को दीवाने' १९८१ ची. सिनेमाच्या गाण्यांत हा ठेका रोजचाच झाला होता. चरणजित यांचं स्वतःचं स्पष्टीकरण साधं आहे: डिस्को सगळेच करत होते, मग त्याच डिस्कोत काही वेगळं का करू नये? तबला बंद करायचा, ठेका डिस्कोचा ठेवायचा आणि वर राग वाजवायचे. ही ठरवून केलेली गोष्ट आहे, यात 'चुकून' काही नाही.

आता बेसवाल्याच्या जागेवर बसून बघा. सिनेमाच्या गाण्यात त्याचा हात कॉर्डबरोबर चालतो. कॉर्ड बदलली की तळ बदलतो. रागात कॉर्डच नाहीत. षड्ज एका जागी बसलेला, तो हलत नाही. मग बेसने करायचं काय? शास्त्रीय बैठकीत हे काम तानपुरा करतो, आणि तानपुरा कुठे जात नाही. या रेकॉर्डवर चरणजित यांनी काढलेला तोडगा मला तिच्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटतो. ३०३ च्या सोळा घरांत रागाच्याच स्वरांची एक छोटी साखळी भरायची आणि ती फिरवत ठेवायची. तळ षड्जाला बांधलेला राहतो, पण धावतो. पाय फुटलेला तानपुराच म्हणा ना. आणि ३०३ मधली ती 'घसरण्याची' खूण, जी जपानमध्ये बेस गिटारच्या तारेवरून बोट सरकवण्याची नक्कल म्हणून ठेवली होती, ती इथे मींडेच्या जवळ जाते. पूर्ण मींड नाही. यंत्राचं सरकणं एका साच्याचं असतं, त्यात श्रुतींचा विचार नसतो. पण कान तिकडे वळतो, एवढं खरं.

मालकंस घ्या. सा, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. पंचम नाही. फिल्मी बेसवाल्याच्या बोटांना सर्वांत सवयीची उडी कोणती? सा वरून प. वीस वर्षं तेच. मालकंसात ती उडी बंद, म्हणून तर तानपुराही मध्यमात लावतात. ललितमध्येही पंचम नाही, वर दोन्ही मध्यम. तोडीत कोमल रिषभ, कोमल गंधार, कोमल धैवत आणि तीव्र मध्यम. या स्वरांवर सरळ कॉर्ड रचायला गेलात तर अरेंजर पळून जाईल. असे राग निवडून त्यांना बेस देणं म्हणजे हाताच्या जुन्या सवयी एकेक करून मोडणं. यंत्रात स्वर एकेक करून भरावा लागतो, त्यामुळे सवय आपोआप वाजून जात नाही, हा ३०३ चा एक फायदाच झाला असावा. शिकागोत पुढे याच यंत्राचे नॉब वाजता वाजता पिळले गेले आणि त्यातून तो चिरफाळणारा आवाज आला, ज्यावरून 'ॲसिड' ओळखलं जातं. चरणजित यांच्याकडे हे पिळणं त्या मानाने सौम्य आहे. त्यांचं लक्ष आवाजाच्या रंगापेक्षा स्वर कोणता यावर आहे. दोन्हीकडे यंत्र एक. एकीकडे ते नाचणाऱ्यांच्या हाती होतं, दुसरीकडे स्वराचा हिशेब ठेवणाऱ्याच्या.

रेकॉर्डमध्ये दोष नाहीत असं नाही. दहा राग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटं, आणि सगळ्यांना जवळजवळ एकच ठेका. राग उलगडायला जो वेळ लागतो तो इथे कोणालाच मिळत नाही. बढत नाही, एक वाक्य, त्याचं उत्तर, पुन्हा तेच. ज्युपिटरवरची धून कधी कधी फक्त आरोह-अवरोहाचा पाठ वाटते. भूप आणि कलावतीसारखे पाच स्वरांचे राग यात तरतात, कारण त्यांची चाल अशा गोल फिरण्याला मानवते. मेघमल्हार मात्र सपाट होतो. त्या रागाला लागणारं आंदोलन यंत्राच्या पायऱ्यांवर बसत नाही. वेळेचा तर पत्ताच नाही. मैफल जिथे संपते ती भैरवी इथे पहिली. मग पहाटेचा ललित, त्यामागोमाग संध्याकाळचा भूप, लगेच सकाळची तोडी. एखाद्या बुवांनी कपाळावर हात मारून घेतला असता. मला मात्र हा क्रम स्टुडिओतल्या माणसाचा वाटतो. बंद खोलीत, वातानुकूलित हवेत, शिफ्टच्या घड्याळावर ज्याने आयुष्य काढलं, त्याच्यासाठी सकाळचा राग आणि रात्रीचा राग यांत फरक तो किती?

स्वतःचं काम

रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा सत्तरीच्या उंबऱ्यावर असलेल्या चरणजित यांनी बाउमन यांना एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्या 'आधी कोणी केलं'च्या वादापेक्षा मोलाची वाटते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: खरं सांगायचं तर मी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. बाकीच्या माझ्या रेकॉर्डी म्हणजे सिनेमाची गाणी, ती मी नुसती वाजवली. ही रचना माझी स्वतःची होती. पूर्णपणे स्वतःचं काही केलं तरच खरं वेगळं काही होतं.

हे वाचून एक सरळ धडा काढायचा मोह होतो: नोकरी म्हणजे कैद, स्वतःचं काम म्हणजे सुटका. तसा धडा यातून निघतो असं मला वाटत नाही. या रेकॉर्डमध्ये जे चांगलं आहे ते त्या 'नुसत्या वाजवण्या'तूनच आलेलं आहे. वेगवेगळ्या संगीतकारांकडे वाजवून आलेली लवचीकता, पहिल्याच टेकला बरोबर वाजवायची शिस्त, ठेका आणि स्वर यांचा तळाशी होणारा जोड, नवं वाद्य हातात आलं की त्याची भाषा झटपट शिकायची धमक; हे सगळं शिफ्टच्या मजुरीत मिळालेलं शिक्षण आहे. बेसवाला असल्यामुळेच त्यांना रागाखाली काय घालायचं हा प्रश्न पडला. सतारिया असता तर पडला नसता.

पण उलट बाजूही तितकीच खरी. तेवढं सगळं शिक्षण अंगात असून स्वतःच्या रचनेची एक रेकॉर्ड करायला त्यांना दोन दशकं आणि परदेशातून आणलेली तीन यंत्रं लागली. ऑर्केस्ट्रातल्या खुर्चीवर बसून ते होणार नव्हतं, कारण त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून कोणी रचना मागितली नव्हती. आणि ती केल्यावर ती ऐकायला कोणी आलं नाही. पुढे एका परक्या देशातल्या संग्राहकाने शोधून काढली तेव्हा आली ती वाहवा, शेवटच्या काही वर्षांत युरोपात झाले ते कार्यक्रम. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

१९८२

आता या गोष्टीतला जो भाग मला टोचतो, त्याकडे येते.

१९८२ म्हणजे मुंबईत गिरणी संपाचं वर्ष. १८ जानेवारीला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ ही मुख्य मागणी, पण बदली कामगारांना कायम करा, हीसुद्धा एक मागणी होती. संप यंत्रांविरुद्ध नव्हता. पण काम कोणाचं, किती दिवसांचं, आणि उद्या ते राहणार की नाही, हा प्रश्न त्या वर्षी लालबाग-परळच्या हवेतच होता. त्याच शहरात एक वादक एकटा बसून, एका खोलीत, पूर्वी जिथे चार-पाच माणसं लागली असती तिथे तीन यंत्रांवर रेकॉर्ड बनवतोय. ड्रमर नाही, तबलजी नाही. बेस गिटार वाजवणारा नाही. तो स्वतःच आहे, पण बेस गिटार हातात न घेता.

पुढे काय झालं ते माहीत आहे. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर स्टुडिओत स्थिरावले, आणि नव्वदचं दशक अर्धं सरेपर्यंत ते शे-शंभर माणसांचे ऑर्केस्ट्रा जवळजवळ संपले. व्हायोलिनची अख्खी रांग एका कीबोर्डवर येऊ लागली. ज्यांची मुलं वादक होणार होती त्यांनी मुलांना दुसरीकडे धाडलं. याचा दोष चरणजित यांच्यावर टाकणं वेडेपणाचं होईल. त्यांची रेकॉर्ड कोणी ऐकलीच नव्हती. निर्णय पैसे देणाऱ्यांचे होते आणि कारण हिशेबाचं होतं. तरीही हे म्हणायलाच हवं की एका वादकाला जे यंत्र स्वातंत्र्य देऊन गेलं, त्याच जातीच्या यंत्रांनी त्याच्या शेजाऱ्यांच्या खुर्च्या नेल्या. यंत्र तेच असून निकाल दोन लागले, कारण ते कोणाच्या ताब्यात होतं आणि कशासाठी लावलं गेलं हे वेगळं होतं. चरणजित यांनी मजुरी वाचवायला ३०३ आणला नव्हता. आपल्याला जे ऑर्केस्ट्रात करता येत नाही ते करायला आणला होता. आज यंत्र गाणी रचू लागलंय आणि आपण 'माणसाचं काय होणार' म्हणून रोज चर्चा करतो, तेव्हा हा फरक हाताशी ठेवावा असं मला वाटतं.

आजचं सिंगापूर

ज्या शहरातून हे यंत्र गेलं, तिथे बेसवाल्याचं काय झालं? इथे एक वेगळंच उदाहरण आहे. एल्डी यंग, शिकागोचे डबल बेसवादक. रॅमझी लुइस ट्रायोची 'द इन क्राउड' ही १९६५ ची प्रचंड गाजलेली, ग्रॅमी मिळालेली रेकॉर्ड; त्यावरचा बेस त्यांचा. ऐंशीच्या दशकात ते या भागात आले, सिंगापूरचे पियानोवादक जेरेमी मॉन्टेरो आणि जुने साथीदार ड्रमर रेड होल्ट यांच्याबरोबर वाजवू लागले. या तिघांच्या ट्रायोचं नाव 'मॉन्टेरो, यंग अँड होल्ट'. १९८८ मध्ये ते माँत्रो जॅझ महोत्सवात वाजले. २००७ मध्ये यंग बँकॉकला वारले. बेसवाल्याचं आडनाव ट्रायोच्या नावात, पोस्टरवर, तिघांच्या बरोबरीने. मुंबईत चरणजित यांनी जी जागा यंत्रं घेऊन स्वतःसाठी तयार केली, ती जॅझच्या रिवाजात बेसवाल्याला आधीपासून होती. संगीताच्या प्रकाराने कामगाराचा दर्जा कसा बदलतो, याचं याहून सोपं उदाहरण मला सापडलं नाही.

पण दर्जा म्हणजे पोटापाण्याची हमी नव्हे. सिंगापुरात हॉटेल-बारमध्ये वाजवणारा वादक बहुधा स्वयंरोजगारी असतो. नोकरदाराच्या सीपीएफमध्ये, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीत, मालकाचा वाटा पडतो. याच्या खात्यात कोणी काही टाकत नाही. त्याच्यावर सक्ती आहे ती वर्षाची निव्वळ कमाई ६,००० डॉलरच्या वर गेली की मेडिसेव्हमध्ये स्वतःच पैसे भरण्याची. मार्च २०२० च्या शेवटी महामारीमुळे बार बंद झाले. खाण्यापिण्याच्या जागांत प्रत्यक्ष वादनाला पुन्हा परवानगी मिळाली ती २९ मार्च २०२२ ला. दोन वर्षं! सरकारने पात्र स्वयंरोजगारींना २०२० मध्ये तीन हप्त्यांत ९,००० डॉलर दिले, ते अनेकांच्या उपयोगी पडले. पण ज्याचं काम चार जणांबरोबर एका खोलीत बसूनच होतं, त्याने त्या दोन वर्षांत काय वाजवायचं?

आणि आपण, मराठी ऐकणारे? इथले आपले दिवाळीचे, गणपतीचे कार्यक्रम बघा. गायक हौशी आणि चांगले, गाणी जुनी, साथ ट्रॅकवर. ट्रॅक म्हणजे त्याच जुन्या वादकांची यंत्रावर केलेली नक्कल. कारणंही खरी आहेत. हॉलचं भाडं, तालमीला वेळ नाही, बेसवाला कुठून आणायचा. मी याला नावं ठेवत नाही. पण ज्या माणसाचा स्वर ट्रान्झिस्टरवर पोचत नव्हता, ज्याचं नाव वेष्टनावर नव्हतं, त्याची आता नक्कलही विनानाव वाजते, हे लक्षात तरी असावं. वर्षातून एका कार्यक्रमाला एक बेसवाला बोलवावा, त्याला पैसे द्यावेत, निवेदकाने त्याचं नाव घ्यावं. पेनिन्सुला शॉपिंग सेंटरमध्ये गिटारची दुकानं अजून आहेत. तिथे विचारलंत तर वाजवणारे सापडतील.

रेकॉर्ड ऐकायची असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तो जुन्या ट्रान्झिस्टरचाच भाऊ आहे. बरे हेडफोन लावा आणि भैरवीपासून सुरुवात न करता दुसऱ्या बाजूचा मालकंस लावा. पहिल्यांदा वरची धून सोडून द्या, फक्त तळाशी काय फिरतंय ते ऐका. मग हवं तर शिकागोची 'ॲसिड ट्रॅक्स' लावा. दोन्हींत कोण आधी हा प्रश्न मग फारसा उरत नाही.